येसूचा भांग

मराठीत भांग दोन आहेत. एक पुल्लिंगी, तो डोक्यावर पाडतात. दुसरी स्त्रीलिंगी, ती घोटून पितात. तो भांग आणि ती भांग, चौथीतल्या पोरालाही कळेल एवढा सरळ फरक. पण आमच्या ऑफिसातली मराठी मंडळी येसूबद्दल बोलायची तेव्हा कायम 'ची' लावायची. येसूची भांग, येसूची भांग. पँट्रीत तेच, गणपतीच्या आरतीला जमले की तेच. खरं तर सगळं प्रकरण 'चा'चं होतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. येसूने शब्द घेतला होता माझ्याकडून. सासूबाई आहेत तोवर बोलायचं नाही, एवढी अट मी त्यात घातली होती. सासूबाई गेल्या वैशाखात पुण्यात वारल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. आता मी मोकळी आहे आणि आता मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

येसू म्हणजे हेसूस. स्पेलिंग बघून सगळे त्याला जीझस म्हणायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, "तो वेगळा. मी रिलीज मॅनेजर." सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये आमची कंपनी एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळते. मी टेस्टिंग बघते, तो रिलीज बघायचा. म्हणजे मी चुका काढायच्या आणि त्याने ठरवायचं की एवढ्या चुकांसकट माल पुढे जाऊ द्यायचा की नाही. अशा दोन माणसांत एकतर हाडवैर होतं नाहीतर गट्टी. आमचं आधी पहिलं झालं, मग दुसरं.

लॉस एंजेलिसचा होता तो. आईबाप मेक्सिकोतून आलेले. पन्नाशीकडे झुकलेला, ठेंगणा, रुंद खांद्यांचा, फुलाफुलांचे शर्ट घालणारा, एका करंगळीला निळं नेलपॉलिश लावणारा. आणि केस! पाठीवर येतील एवढे लांब, काळेभोर, दाट. माझ्या लग्नातसुद्धा माझे एवढे नव्हते. ते तो कसेतरी रबरबँडमध्ये कोंबून यायचा आणि मला ते बघून जीव तुटायचा. हसायला लागला की पलीकडच्या विंगमधून लोक डोकावायचे. एखादा पोरगा घाबराघुबरा होऊन "सिस्टिम पडली म्हणतात" असं सांगत आला की येसू शांतपणे विचारायचा, "पाहिलंस की ऐकलंस?" बहुतेक वेळा ऐकलेलंच असायचं. "मग जा, बघून ये," म्हणायचा आणि स्वतःच्या कोपीत, म्हणजे इथल्या कॉफीत, आणखी एक चमचा कंडेन्स्ड मिल्क ओतायचा.

राहायचा बेडोकला, केल्विनबरोबर. केल्विन इथलाच, एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, बारीक चणीचा, कमी बोलणारा. दोघांनी अमेरिकेत लग्न केलं होतं, पण सिंगापूरला ते लग्न दिसत नाही. इथे पुरुषाने पुरुषावर प्रेम केल्याबद्दलचा गुन्हा आता कायद्यातून काढलाय, पण नवऱ्याच्या नात्याने राहायचा पास मिळत नाही तो नाहीच. एच-डी-बीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट केल्विनच्या नावावर, येसू कागदोपत्री त्याचा भाडेकरू. पलीकडच्या ब्लॉकमध्ये केल्विनची म्हातारी आई, तिला सोडून केल्विन कुठे जाणार? म्हणजे येसूची नोकरी होती म्हणून पास होता, आणि पास होता म्हणून घर होतं. ह्यातलं पहिलं गेलं की पुढचं सगळं गेलं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण ते त्याला रोज सकाळी उठल्यापासून माहीत असायचं.

त्याची एक सवय मला फार खटकायची. तो कुणाची पिशवी धरत नसे. एकदा दिवाळीच्या खरेदीला आम्ही लिटिल इंडियात गेलो होतो. माझ्या एका हातात पणत्या, दुसऱ्यात रवा-बेसन, आणि नारळवाला सुटे पैसे मागत होता. मी म्हटलं, "जरा धर रे हे." तर हा दोन्ही हात वर करून मागे सरकला! भर रस्त्यात, मी बंदूक रोखल्यासारखा. नारळवाला बघतोय, बायका बघतायत. मला असा संताप आला! घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. लिफ्टपाशी आल्यावर मात्र राहवलं नाही. म्हटलं, "अस्पृश्य आहे का रे मी?"

तेव्हा त्याने लोलाबद्दल सांगितलं. खाली, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभं राहून.

लोला जन्माला आली ती मुलगा म्हणून आणि जगली बाई म्हणून. येसू कोण आहे हे कळल्यावर बापाने त्याला घराबाहेर काढलं, तेव्हा तिने त्याला घरात घेतलं. तो तिला 'तिया' म्हणायचा, म्हणजे मावशी. तिच्या ओट्याखाली एक मोठी बरणी असायची, त्यात अल्कोहोल, गांजाचा पाला आणि कापूर मुरत घातलेला. गुडघे दुखले की चोळायचं. ह्यात तिच्या लेखी चोरून करण्यासारखं काही नव्हतं, येसूची मेक्सिकोतली आजीही तेच चोळायची. आपल्याकडे निलगिरी असते ना घरात, तसं. पण तेव्हा त्यांच्या मंडळींत एड्सची साथ होती. औषधांनी अन्न पोटात ठरायचं नाही, पोरं वाळून काडी व्हायची, घरच्यांनी टाकलेली. लोला गांजा घालून केक करायची आणि तेवढ्याने त्यांना भूक लागायची, दोन घास जायचे. एकोणीस वर्षांचा येसू तिच्या केकची पिशवी घेऊन असाच एका आजाऱ्याकडे निघाला होता, बरोबर कॉलेजातला एक गोरा मित्र. पोलिसांनी दोघांना अडवलं. मित्राच्याही खिशात माल होता. त्याला दम देऊन घरी सोडलं, येसूला आत टाकलं.

"पिशवी तियाची होती," तो म्हणाला. "पण धरली होती मी."

पुढे तिकडचा कायदा बदलला. येसूचा गुन्हा लहान म्हणून कागदावरून पुसला गेला, म्हणून तर त्याला इथे नोकरी मिळाली. आणि जिथे त्याला पकडलं त्याच रस्त्यावर आता गांजाचं दुकान आहे म्हणे, काचेचं, दारात दरवान, आत सराफाकडे असते तशी मांडणी. मालक कधी त्या वस्तीत राहिलेला नाही. लोलालाही त्या वेळी आत टाकलं होतं; दुकान निघाल्यावर ती तिथे नोकरी मागायला गेली, तर तिला घेतलं नाही. का? तर तिच्यावर गांजाचा गुन्हा आहे! हे सांगताना येसू हसला आणि मला मात्र कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी त्याला तिथेच समजावून सांगितली. त्याला फार आवडली.

स्वतः त्याने त्यानंतर कधी कशाला हात लावला नाही. पिशवी, बॅग, कोटाची अस्तरंसुद्धा रोज घरून निघताना आणि ऑफिसातून निघताना उलटी करून बघायचा. सिंगापूरला विमान उतरायच्या आधी तर टॉयलेटमध्ये जाऊन खिसे झाडायचा. लोक त्याला विक्षिप्त म्हणायचे.

आता आमचा मंदार. टीम लीड, पुण्याचा, गोरागोमटा, घारा. कॉलेजात असताना होळीला भांग पिऊन हा पठ्ठ्या हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला मिठी मारून "आई, मला घरी ने" म्हणून रडला होता. ही गोष्ट तो दर होळीला सांगतो, आणि आम्ही दर होळीला हसतो. त्या वर्षी हॉकर सेंटरमध्ये जेवताना त्याने ती इंग्रजीत सांगितली. सगळे खो खो हसले. येसूने मात्र विचारलं, "मग किती झाली?"

"काय किती?"

"शिक्षा."

"छे रे! शिक्षा कसली? सण असतो तो. शंकराचा प्रसाद."

"असं होय," येसू म्हणाला. "आमचं चुकलंच मग. आम्ही प्रसाद न म्हणताच घेतली."

मंदारला ते कळलं नाही. कळलं असतं तर पुढचं बोलला नसता. म्हणाला, "तुझ्याकडे तर काय, मेक्सिको! घरचंच शेत असेल!" आणि पुन्हा सगळे हसले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. येसूने शांतपणे आपली मिरची संपवली. तो नुसत्या मिरच्या खायचा, आपण काकडी खातो तशा.

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सिमेईच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या. टीव्ही कळत नाही, शेजारी बोलत नाहीत, नातू घरी येऊन इथल्या इंग्रजीत "आज्जी, नॉट हंग्री लाह" म्हणून खोलीत जातो. अशात एका रविवारी येसू मक्याच्या भाकऱ्या घेऊन आला. त्यांच्यात त्यांना तोर्तिया म्हणतात. सासूबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पीठ शिळं आहे. पण हात चांगला आहे पोराचा." त्या मराठीत बोलायच्या, तो स्पॅनिशमध्ये. इंग्रजीची दोघांनाही गरज वाटली नाही. हेसूस त्यांच्या तोंडी येसू झाला, कारण त्यांच्या माहेरी येसाजी नावाचा गडी होता आणि त्याचे खांदे असेच होते.

केल्विन कोण, हे त्यांना सांगायला श्रीधर, माझा नवरा, घाबरत होता. मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोघांत स्वयंपाक कोण करतं?" म्हटलं, येसू. "मग त्या दुसऱ्याने भांडी घासावीत," म्हणाल्या आणि विषय संपवला.

येसूला अर्धशिशी होती. डोकं दुखायला लागलं की डोळे बारीक करून, भिंतीला टेकून बसायचा. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा इलाज त्यांच्या बॅगेतच होता. वाईच्या एका वैद्यांचं तेल. गुडघ्याला तेच, झोपेला तेच, डोक्याला तेच. दोन तपकिरी बाटल्या जुन्या परकरात गुंडाळून त्यांनी सामानातून आणल्या होत्या. येसूला खाली चटईवर बसवलं, रबरबँड काढून फेकून दिला, आणि टाळूवर तेल ओतलं.

आता येसूसारखा माणूस! त्याने विचारलंच, "ह्यात काय काय आहे?" बाटलीवरचं मराठीत होतं. श्रीधरने चष्मा लावून वाचलं. तिळाचं तेल. माका, ब्राह्मी, कापूर. शेवटी विजया.

"विजया म्हणजे?"

सासूबाईंना वाटायचं, विजया ही वैद्यांची बायको, तिच्या नावाने तेल काढलंय. मला वाटलं, असेल काहीतरी झाडपाला. श्रीधरला दहावीत संस्कृतात चांगले मार्क होते. तो छाती फुगवून म्हणाला, "विजया म्हणजे व्हिक्टरी!"

"व्हिक्टरी!" येसू हसला. "लावा मग."

त्यानंतर दर रविवारी तो कार्यक्रम ठरलेला. तेल जिरवून झालं की सासूबाई कंगवा घेऊन मधोमध भांग पाडायच्या, नाकाच्या रेषेत, आणि घट्ट वेणी घालायच्या. तो डोळे मिटून बसायचा. एकदा म्हणाला, "ह्यांच्या हाताला तियाच्या हातासारखा वास येतो." मी म्हटलं, कापराचा असेल. म्हणाला, हो, कापराचाच. अर्धशिशी खरंच कमी झाली त्याची. पुढे सोमवारी तो ऑफिसला वेणी घालूनच यायला लागला.

मग बँकेने नवा नियम आणला. त्यांच्या चालत्या सिस्टिमला हात लावणाऱ्या माणसांची ड्रग टेस्ट, रँडम. आमच्या मजल्यावरून रँडम कोण निघाले? एक ब्राझीलचा, एक ॲमस्टरडॅमला सुट्टी घालवून आलेला, आणि येसू. मंदार नाही निघाला हो रँडम. मी एचआरकडे जाऊन विचारलं की ही कसली चिठ्ठी, तर तिथली बाई म्हणाली, कॉम्प्युटरने काढलीय. येसू म्हणाला, "जाऊ दे मेधा, सापडण्यासारखं काही नाही." केसांचा नमुना घ्यायचा होता. एवढे लांब केस बघून ती नर्स खूश झाली म्हणे. मधोमध, भांगाच्या कडेचे कापले.

आणि त्यात सापडलं.

कंपनीने त्याला बोलावून दोन रस्ते दिले. स्वतःहून राजीनामा द्यायचा, किंवा काही स्पष्टीकरण असेल तर लेखी द्यायचं, मग ते पोलिसांपर्यंत जाणार. येसूने शनिवार-रविवार मागून घेतला. शनिवारी सकाळी तो आमच्याकडे आला. सासूबाई भजनी मंडळातल्या बायकांबरोबर देवळात गेल्या होत्या. बसायच्या आधीच म्हणाला, "आईंचं तेल बघू."

बाटलीचं बूच काढून त्याने बराच वेळ वास घेतला. "कापराच्या मागे आहे," म्हणाला. "मी दर वेळी कापरापाशीच थांबत होतो." मग फोनवर 'आयुर्वेद' आणि 'विजया' असं शोधलं आणि फोन आमच्यासमोर धरला. विजया म्हणजे भांग. संस्कृतात गांजाच्या पाल्याला हे असलं गोड नाव आहे. आपल्याकडे वैद्याला ते तेल विकायची रीतसर परवानगी असते आणि आपण ते डोक्यावर थापून देवळात जातो. इथे त्यावर माणसं वर्षानुवर्षं आत जातात. श्रीधरने चष्मा लावून बाटली पुन्हा वाचली. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "व्हिक्टरी!" दुसरं काही सुचलंच नाही मला त्या क्षणी.

मग मी म्हटलं, "चल. बाटली घे, वकील करू, सोमवारी जाऊन सगळं सांगू. म्हाताऱ्या बाईने प्रेमाने तेल लावलं, ह्यात गुन्हा काय?"

"बाटली आणली कुणी?" येसू म्हणाला. "बॅगेवर नाव कुणाचं? विमानतळातून बाहेर कुणी आणली?"

"अरे पण त्यांना माहीत नव्हतं!"

"तियालाही वाटलं होतं की ती औषधच देतेय."

श्रीधर म्हणाला, बघ, हात दाखवून अवलक्षण होईल. मी त्याला गप्प बसवलं. येसूशी भांडले मी, अक्षरशः ओरडले. "आणि केल्विन? त्याचं काय? तो येऊ शकत नाही, तुला राहता येणार नाही. तुझं घर मोडतंय, कळतंय का तुला? महात्मा व्हायला कुणी सांगितलंय?"

तेव्हा त्याने उरलेलं सांगितलं. तेव्हा, एकोणीस वर्षांचा असताना, पोलिसांनी त्याला गोड बोलून विचारलं होतं, तू नुसतं प्यादं आहेस, माल कुणाचा? आणि त्याने खरं सांगितलं. त्याला वाटलं, आजाऱ्यांसाठी आहे हे नीट समजावून दिलं की त्यांना कळेल. त्याने सगळं समजावून दिलं. लोलाचं नाव, पत्ता, केक, बरणी, कोण कोण आजारी. संध्याकाळी त्यांनी लोलाला उचललं. तो काही महिन्यांत सुटला, तिची कित्येक वर्षं गेली, तीही पुरुषांच्या तुरुंगात. तिथे तिचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा, मला लिहवत नाही.

"मी एकदा खरं सांगून बघितलंय, मेधा," तो म्हणाला. "ते ऐकणारी माणसं तुला माहीत नाहीत. मला माहीत आहेत."

मला अजूनही वाटतं, वकील करून बघायला हवा होता. कदाचित सुटलो असतो सगळे. कदाचित शहात्तर वर्षांची बाई लॉकअपमध्ये बसली असती. त्याने दोन्ही बाटल्या संडासात रिकाम्या केल्या, साबणाने धुतल्या, लेबलं खरवडून काढली. त्या पिशव्या न धरणाऱ्या माणसाने आमच्या घरातलं शेवटचं थेंबभर तेलसुद्धा स्वतःच्या हातांनी पुसलं आणि मग शब्द मागितला. श्रीधरने लगेच दिला, त्याला आईपलीकडे काही दिसत नव्हतं. मी रडत, चिडत, अट घालून दिला. सोमवारी मी ऑफिसला पोचायच्या आत त्याने सही केली होती.

मग सुरू झालं, येसूची भांग. मंदार म्हणाला, "मला आधीपासून संशय होता. ह्या लोकांचं असंच असतं." ह्या लोकांचं म्हणजे मेक्सिकोवाल्यांचं की केल्विनबरोबर राहणाऱ्यांचं, ते त्याने सांगितलं नाही. कुणी म्हणालं, बघ ना, ते निळं नेलपॉलिश! जणू काही गांजा करंगळीतून उगवतो. पाहिलंत की ऐकलंत, असं विचारायला तिथे कुणी उरलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते मी त्या महिन्यात अनुभवलं.

पास रद्द झाला की महिन्याभरात देश सोडावा लागतो. त्या महिन्यात एकदा केल्विन मला फूड कोर्टात भेटायला आला. कोपी ढवळत बसला, प्यायला नाही.

"आंटींची बाटली. खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मी त्याला नाही म्हटलं नसतं," केल्विन म्हणाला. "आंटींना आत पाठव असं मी कसं म्हणेन? पण त्याने विचारलं नाही, मेधा. माझंपण घर आहे लाह. मला विचारायचं तरी."

मी त्याचा हात धरला. तो धरून घेण्याइतकाच वेळ बसला आणि आईच्या औषधांची वेळ झाली म्हणून उठून गेला.

येसू निघाला त्या दिवशी सासूबाईंनी हट्टच धरला, मी विमानतळावर येणार. त्यांना नोकरी गेली एवढंच सांगितलं होतं आम्ही. पण आदल्या आठवड्यात मंदारची बायको त्यांना भजनात भेटली होती. हे मला विमानतळावर पोचेपर्यंत माहीत नव्हतं. सासूबाई वाटभर मांडीवर लाडवांचा डबा घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, वाईट वाटतंय त्यांना.

चांगीला येसू आणि केल्विन आत शिरायच्या काचेपाशी उभे होते. येसूने केस कापून टाकले होते, मानेपर्यंत, पार बारीक. सासूबाईंनी ते बघून च् च् केलं. डबा त्याच्या हातात दिला आणि तो पाया पडायला वाकला तसं त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"येसू, बाळा, मला कळलंय सगळं," त्या म्हणाल्या. "म्हातारीपासून लपवता होय रे? मेधा, सांग ह्याला, एक अक्षर गाळू नकोस. म्हणावं, तिकडे गेलास की त्या घाणेरड्या वस्तूला परत शिवायचं नाही. माझा चुलतभाऊ गेला त्या गांजापायी, सोन्यासारखा संसार धुळीला मिळवला त्याने. तुझंही बघ काय झालं. एवढं छान घर होतं दोघांचं. ह्या केल्विनने काय करायचं आता एकट्याने?"

मी येसूकडे बघितलं. त्याने मान हलवली, सांग म्हणून. आणि मी सांगितलं. एक अक्षर न गाळता, इंग्रजीत, केल्विनच्या देखत. केल्विनने तोंड फिरवलं आणि चेक-इनच्या रांगेकडे बघत राहिला. सासूबाईंनी येसूचा हात उचलून स्वतःच्या गळ्याला लावला.

"माझ्या गळ्याची शपथ घे म्हणावं. परत नाही."

"आई, पुरे," मी म्हटलं.

"तू थांब. घे शपथ."

येसूने हात तसाच राहू दिला. "शपथ, आई," तो म्हणाला. "परत कधी नाही." हे त्याने मराठीत म्हटलं, स्वच्छ, आणि मग केल्विनला मिठी मारली, बराच वेळ, आणि काचेपलीकडे गेला. पासपोर्ट दाखवताना त्याची पाठ दिसली. तिकडून त्याने हात केला तो केल्विनला होता की आम्हाला, कळलं नाही. मग तो दिसेनासा झाला.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"पोरगं मनाचं चांगलं आहे गं," त्या म्हणाल्या. "बघ, लगेच ऐकलं. कुणीतरी वेळेवर असं जवळ घेऊन सांगायला हवं होतं त्याला."